पुढचं दाखवा, बाई

पद्मजाबाईंना एक खोड होती. एखादी गोष्ट आपल्याला चांगली जमते असं त्यांना वाटलं, की त्या ते लपवत नसत. "माझे व्हिडिओ चांगले असतात," असं त्या शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता सरळ सांगायच्या. ऐकणारे नाक मुरडायचे, पण नाक मुरडून गोष्ट खोटी ठरत नाही. व्हिडिओ चांगलेच असायचे.

तळेगावहून स्कूटर हाणत टाकव्याच्या पुढे आंदर मावळातल्या त्या माध्यमिक शाळेत यायचं, नववी-दहावीला विज्ञान शिकवायचं आणि घरी परतलं की लॅपटॉपवर आम्लं, आम्लारी आणि क्षार यांना हलतं-बोलतं करायचं, असा बाईंचा दिनक्रम. त्यांच्या व्हिडिओत हायड्रोजन लाल टोपी घालून यायचा आणि दारात अडखळायचा. शाळेतला पडदा आणि प्रोजेक्टरही त्यांनीच दहा ठिकाणी खेटे घालून मिळवला होता. विज्ञानाच्या खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे त्यांनीच शिवून लावले होते.

सगळ्यात गाजलेला व्हिडिओ गुलाबी रंगाचा. एका नळीत आम्ल घ्यायचं, त्यात दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिन टाकायचं, आणि वरून आम्लारीचे थेंब सोडत जायचं. आम्ल संपेपर्यंत नळी पाण्यासारखी स्वच्छ राहते, ते संपलं की एकदम गुलाबी होते. या थेंबांना बाईंच्या मुलीने, ओवीने, आवाज दिला होता. पहिला थेंब पडला की "अजून नाही", दुसरा पडला की "अजून नाही", आणि तिसऱ्याला "झालं गुलाबी!" नववीची पोरं या व्हिडिओवर इतकी खूश, की मधल्या सुट्टीत नळावर तोंड धुतानाही त्यांचं "झालं गुलाबी" चालायचं.

मुख्याध्यापक त्र्यंबक सर मात्र खूश नव्हते. सर लोणावळ्याजवळ वलवणला राहायचे. स्वतः रसायनशास्त्राचे पदवीधर, आणि सारी हयात त्यांनी फळा, खडू आणि खणखणीत आवाज यांवर काढलेली. पोरांना प्रश्न आणि उत्तरं लिहून द्यायची, पाठ करून घ्यायची आणि दहावीला पास करून बाहेर काढायचं. त्यात वाईट काही नव्हतं. डोंगरातल्या वाड्यांवरून पायपीट करत येणारी पोरं दहावीला आपटली की पुन्हा शाळेचं तोंड बघत नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बाई, तुमचा पडदाच सगळं सांगून टाकतो," ते म्हणायचे. "मग पोरांनी विचार कशाचा करायचा?"

"पडदा आहे म्हणून तर पोरं विज्ञानाच्या तासाला दांडी मारत नाहीत," बाई म्हणायच्या. हजेरीच्या बाबतीत ते खरं होतं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी सर प्रयोगाच्या तासाला आले. मागे उभे न राहता थेट पुढे आले आणि म्हणाले, "आजचं आम्ल मी करून आणलंय. तोच प्रयोग करा."

पोरांनी आनंदाने नळ्या घेतल्या. दर्शक टाकला. सगळा वर्ग एका सुरात थेंब मोजायला लागला. अजून नाही. अजून नाही. तिसरा थेंब पडला आणि छपरावरची कबुतरं उडतील अशा आवाजात वर्ग ओरडला, "झालं गुलाबी!"

सर पहिल्या बाकाशी गेले. तिथे कोमल बसली होती. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, गणितात सरांनाही चूक दाखवणारी. सरांनी तिच्या हातातली नळी घेतली, खिडकीचा काळा पडदा सारला आणि नळी उजेडात धरली.

"कोमल, रंग कोणता?"

"गुलाबी," कोमल म्हणाली.

"नीट बघ."

कोमलने बघितलं. नळी झऱ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ होती. तिचा चेहरा पडला. "न्हाई झाली, सर."

"मग गुलाबी का म्हणालीस?"

"व्हिडिओत झालती."

सरांनी आम्ल थोडं तीव्र आणलं होतं, बस्स. आम्ल जास्त असलं तर थेंब जास्त लागतील, थांबायचं नाही, टाकत राहायचं, एवढी साधी गोष्ट. ती एकाही पोराच्या डोक्यात आली नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे हातातली नळी एकानेही बघितली नाही. सर नळी परत ठेवून निघून गेले. ते बोलले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

पद्मजाबाईंना लाज वाटली. रागही आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. सरांवर काढावा तर त्यांनी काही खोटं केलं नव्हतं. पोरांवर काढावा तर पोरांनी बाईंवर विश्वास टाकला होता, इतका की स्वतःच्या डोळ्यांवर टाकला नाही. घाट-रस्त्याने घरी जाताना त्यांना सारखी कोमल दिसत होती. ही मुलगी आपण शिकवण्याआधी नळीकडे बघत होती, आणि आपण शिकवल्यावर बघेनाशी झाली, हे त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना कार्यालयात बोलावलं. "दिवाळीनंतर नववीलाही प्रश्नोत्तरं लिहून द्यायला सुरुवात करू," ते म्हणाले. "तुमच्या पडद्याच्या तासांना. पुढच्या वर्षी हीच पोरं दहावीला आहेत. पडदा कार्यक्रमांना वापरू."

"नाही," बाई म्हणाल्या.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. मावळातल्या शाळांमध्ये मुख्याध्यापकांना असं एका शब्दात उत्तर देण्याची रीत नाही.

"सर, चूक पडद्याची नाही, माझी आहे. आणि माझी आहे म्हणजे मला ती दुरुस्त करता येते. जानेवारीत पालक मेळावा असतो. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही वर्गाला एक प्रश्न घाला. पुस्तकातला नको आणि माझ्या व्हिडिओतलाही नको. पोरांना तो सोडवता आला नाही, तर पडदा मी स्वतः गुंडाळून तुमच्या कपाटात ठेवीन आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्नोत्तरं लिहून देईन."

"आणि सोडवला तर?"

"तर तास माझे, पडदा माझा, आणि तुम्ही त्यात लक्ष घालायचं नाही."

सरांना हसू आलं. बाईंचा हा ताठा त्यांना आतून आवडायचा, पण ते तसं कधी दाखवत नसत. "ठरलं," ते म्हणाले.

बाईंनी त्या आठवड्यात एक काम केलं. आपले सगळे व्हिडिओ उघडले आणि प्रत्येकाचा शेवट कापून टाकला. जिथे रंग बदलणार, जिथे फेस येणार, जिथे चुन्याची निवळी दुधाळ होणार, त्याच्या अगदी आधी व्हिडिओ थांबायचा. ओवी रुसली, कारण तिचं "झालं गुलाबी" गेलं. बाईंनाही वाईट वाटलं. त्या शेवटांसाठीच त्या जागल्या होत्या.

वर्गात पहिला कापलेला व्हिडिओ लागला. खडूच्या तुकड्यावर लिंबाचा रस पडणार, तेवढ्यात पडदा थांबला.

"बाई, पुढचं दाखवा," वर्ग म्हणाला.

"काय होईल?"

"तुमी दाखवा की."

"काय होईल आणि का होईल ते सांगा. मग लिंबू आणि खडू टेबलावर आहेत, करून बघा. पडद्यावर शेवट नाही."

पोरं नाराज झाली. वाड्यावस्त्यांवर वेगळीच बातमी पोचली की बाईंच्या लॅपटॉपला काहीतरी झालंय, व्हिडिओ पुरा चालत नाही. शाळा समितीचे अध्यक्ष गेणू आबा काठी टेकत शाळेत आले आणि मोठ्या मायेने म्हणाले, "बाई, वडगावात आमचा भाचा हाय. कसलंबी यंत्र नीट करतो. तुमची पेटी द्या त्याच्याकडं."

"आबा, पेटी ठीक आहे. मीच अर्धं दाखवते."

आबांनी बाईंकडे जरा काळजीने बघितलं आणि ते काठी टेकत परत गेले.

मग बाईंनी पुढची युक्ती काढली. एकाच व्हिडिओला दोन शेवट जोडायला सुरुवात केली, एक खरा आणि एक खोटा. खोटा शेवट त्या खऱ्यापेक्षा जास्त मेहनतीने बनवायच्या. संगमरवरावर आम्ल पडलं की एका शेवटात फेस यायचा, दुसऱ्यात संगमरवर निळा व्हायचा, आणि तो निळा इतका देखणा की पोरं हमखास फसायची. खरं कोणतं ते टेबलावर करूनच ठरवायचं. खोटा शेवट पकडला की पोरांना चोर पकडल्याचा आनंद व्हायचा. हळूहळू वर्गात भांडणं सुरू झाली. पवन म्हणायचा असं होईल, पायल म्हणायची तसं होईल, आणि दोघांनाही कारण द्यावं लागायचं. मग बाईंनी आपला मोबाइल पोरांच्या हातात दिला. पोरं स्वतः प्रयोगांचं चित्रण करायला लागली, हळू करून बघायला लागली, कुठे थांबवायचं यावरून वाद घालायला लागली.

कोमल मात्र बरेच दिवस गप्प होती. ऑगस्टच्या त्या दिवसानंतर तिने हात वर करणं सोडलं होतं. एकदा दोन शेवटांच्या व्हिडिओत बाईंचा खरा म्हणून जोडलेला शेवटच चुकला. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांबं चढतं, ते बाईंनी घाईत चांदीसारखं पांढरं रंगवलं होतं. आपल्या बाकावरचा खिळा बघून कोमल उठली. "बाई, माझा लाल हाय. तुमचे दोनीबी चुकले." बाईंनी तिच्या बाकाशी जाऊन बघितलं. लालच होता. त्या दिवशी बाई घरी जाताना स्कूटरवर गाणं म्हणत होत्या, हे त्यांनी नंतर कोणालाही सांगितलं नाही.

जानेवारी आला. भात झोडून झालं होतं, खाचरं रिकामी पडली होती, त्यामुळे मेळाव्याला पालक भरपूर. विज्ञानाच्या खोलीत मागे उभं राहायलाही जागा नव्हती. पुढच्या खुर्चीत गेणू आबा. आता वाचणाऱ्याला वाटत असेल की ऐन वेळी वीज जाणार. गेली नाही. आंदर मावळात वीज जाते, पण गोष्टीच्या सोयीने जात नाही.

त्र्यंबक सरांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. दोन्हींत स्वच्छ पाणी, एकीवर 'अ', दुसरीवर 'ब'.

इथे सरांची एक गोष्ट सांगायला हवी. सरांनी प्रश्न मुद्दाम सोपा काढला होता. भरल्या मेळाव्यात पोरांचा आणि बाईंचा पाणउतारा व्हावा अशी त्यांची अजिबात इच्छा नव्हती. उलट, बाई जिंकल्या तर बरंच, असं त्यांच्या मनात कुठेतरी येऊन गेलं होतं. त्यामुळे त्यांनी प्रश्न घेतला राबाचा. मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी उन्हाळ्यात त्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि गवत अंथरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. मे महिन्यात गेणू आबांच्या शेतात बाईंनी या राबाचा व्हिडिओ काढला होता. राखेचं पाणी हळदीच्या कागदावर टाकलं की पिवळा कागद लालसर होतो, म्हणजे राख आम्लारी, हे पोरांनी शेवट कापले जाण्याआधीच, जूनमध्ये, त्यात बघितलेलं होतं.

"गेणू आबांनी मला दोन ठिकाणची माती आणून दिली," सर म्हणाले. "एक राबाच्या जागेची, दुसरी बांधावरची. दोन्ही मी पाण्यात कालवल्या आणि गाळल्या. रंगावरून कळू नये म्हणून माती इथे आणली नाही. यातलं राबाचं पाणी कोणतं, ते शोधा. सामान टेबलावर आहे."

पद्मजाबाईंचा जीव भांड्यात पडला. हे तर पोरं चुटकीसरशी करतील, त्यांना वाटलं. त्यांनी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

कोमल, पवन आणि पायल टेबलाशी आले. हळदीच्या कागदाची एक पट्टी 'अ'मध्ये बुडवली, दुसरी 'ब'मध्ये. पिवळी राहिली. दुसरीही पिवळीच राहिली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लिटमस लावून बघितला, त्यातही फरक नाही.

खोलीत कुजबुज सुरू झाली. सरांच्या ओठांवरचं हसू मावळलं. 'अ'ची पट्टी लाल व्हायला हवी होती. त्यांनी रात्री स्वतः गाळलेलं पाणी होतं, पण तपासून मात्र बघितलं नव्हतं. उत्तर ठाऊकच असताना तपासायचं कशाला? रसायनशास्त्राच्या माणसाने करू नये ती चूक सरांनी केली होती, आणि ती त्यांच्या अजून लक्षात आलेली नव्हती. त्यांना वाटलं, पोरांनीच काहीतरी घोळ घातला.

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनाही वाटत होतं की एक पट्टी लाल व्हायला हवी. त्यांच्याच व्हिडिओत झाली होती. आता पोरं काय करतील ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. पडद्यावर लाल झालेलं आठवेल, कोणीतरी अंदाजाने 'अ' म्हणेल आणि वर्ग एका सुरात होकार भरेल. नेम लागला तर सर 'बरोबर' म्हणतील, टाळ्या पडतील, पडदा वाचेल. बाईंना ते नको होतं. इतका वेळ जो पडदा वाचवायला त्या धडपडत होत्या, तो असा वाचला तर गुंडाळलेला बरा, असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. त्या तोंड घट्ट मिटून उभ्या राहिल्या.

"कोमल," सर जरा मऊ आवाजात म्हणाले, "राबाच्या व्हिडिओत काय झालं होतं, आठवतंय ना?"

"आठवतंय, सर. लाल झालती."

"मग? कोणती राबाची?"

कोमलने दोन्ही पट्ट्या उचलल्या, खिडकीशी गेली, काळा पडदा सारला आणि उजेडात धरल्या. भरल्या खोलीसमोर ती पुरेसा वेळ बघत राहिली.

"दोनी पिवळ्याच हाईत," ती म्हणाली. "व्हिडिओत लाल झालती, पन हितं न्हाई झाली. ह्यावरनं सांगता येनार न्हाई."

मागून कोणीतरी हळहळलं. गेणू आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. पद्मजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. हरलो तरी चालेल, त्यांना वाटलं. ही पोरगी नळीकडे बघायला लागली.

पण पोरं तिथे थांबली नाहीत. पवन म्हणाला, "हळदीचे कागदच जुने आसतील. बिघडले आसतील." त्याने हात धुवायचा साबण पाण्यात कालवला आणि त्यात पट्टी बुडवली. पट्टी झटकन लाल झाली. "कागद चांगला हाय," तो म्हणाला. म्हणजे गोम पाण्यातच होती.

"आबा," पायल गेणू आबांकडे वळली, "ही माती कवा काढली?"

"कवा म्हंजे? परवाच की. सरांनी मागितली तवा."

पायल आणि कोमलने एकमेकींकडे बघितलं. बाईंना तो बघण्याचा प्रकार चांगला माहीत होता. दोन शेवटांतला खोटा शेवट सापडला की वर्ग असा बघायचा.

"सर," कोमल म्हणाली, "बाईंनी व्हिडिओ काढला तवा राब नुकता भाजला हुता. राख कोरडी हुती. ही माती परवाची. मधी सगळा पावसाळा गेला. राखेतलं जे पान्यात विरघळतं, ते धुऊन गेलं आसंल."

"असेल?" सर म्हणाले. पण आता त्यांचा आवाज बदलला होता. ते टेबलाजवळ आले होते.

"आमी करून बघतो," कोमल म्हणाली आणि पायलला तिने बाहेर पिटाळलं. पायल धावत नंदाबाईंकडे गेली. नंदाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या, आणि त्यांच्या चुलीची राख शाळेमागे असायचीच. पायल राख घेऊन आली, मागोमाग नंदाबाईही पदराला हात पुसत आल्या, कारण कसलीतरी परीक्षा चालू असताना आपली राख कशाला हवी, हे त्यांना बघायचं होतं.

पोरांनी एका पातेल्यावर फडकं बांधलं, त्यावर राख टाकली आणि वरून पाणी ओतलं. खाली गळालेल्या पाण्यात पट्टी बुडवली. लाल. ते पाणी टाकून दिलं, त्याच राखेवर पुन्हा पाणी ओतलं. पट्टी लाल, पण जरा कमी. पुन्हा ओतलं. पवन पाणी आणत राहिला, कोमल पट्ट्या बाकावर ओळीने मांडत राहिली. लाल, मग विटकरी, मग केशरी, मग फिकट. शेवटची पट्टी पुरती पिवळी झाली नव्हती.

"पुरती पिवळी न्हाई," कोमलने स्वतःच सांगितलं. "पन आमी चार तांबे वतले. आबांच्या राबावर अख्खा पावसाळा वतला."

खोलीत हशा पिकला. मावळातल्या पावसाची कल्पना तिथल्या माणसांना वेगळी द्यायला नको होती.

"तरीच," गेणू आबा म्हणाले, "आमी राब भाजला की पेरायला लय येळ लावत न्हाई."

सर त्या पट्ट्यांच्या ओळीकडे बघत उभे होते. "मग माझ्या प्रश्नाचं उत्तर?" त्यांनी विचारलं. विचारताना ते मुख्याध्यापकासारखे दिसत नव्हते.

"त्ये मे महिन्यात देता येईल, सर," कोमल म्हणाली. "राब भाजल्यावर आन् पाऊस पडायच्या आधी माती आनली, तर."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग पालकांकडे वळून त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "प्रश्न मी काढला होता आणि तो मीच तपासला नव्हता. पोरांनी तपासला. मी मदत करायला गेलो होतो, तर ह्या मुलीने मलाही चुकू दिलं नाही. पडदा आहे तिथेच राहील. बाईंचे तास बाईंचेच."

टाळ्या पडल्या. पद्मजाबाईंनी मान ताठ ठेवली. नम्रपणे खाली बघावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही, कारण झालं ते चांगलंच झालं होतं आणि त्यात त्यांचा हात होता.

"आता पोरांचं काम बघा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दिवे घालवले. पडद्यावर पोरांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लागला. याच खोलीच्या खिडकीत ठेवलेल्या दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत राखेचं पाणी, दोन्हींत एकेक लोखंडी खिळा. रोज एक फोटो काढून पोरांनी ते जोडले होते, त्यामुळे खिडकीतलं ऊन भराभर येत-जात होतं. साध्या पाण्यातला खिळा तांबूस व्हायला लागला. कॅमेरा राखेच्या बाटलीकडे वळला आणि व्हिडिओ थांबला.

त्र्यंबक सर खुर्चीतून पुढे झुकले होते. "हं," ते म्हणाले, "पुढचं दाखवा, बाई."

कोणी हसलं नाही. कोमल उठली.

"सर, आधी तुमी सांगा. राखेच्या पान्यातला खिळा जास्त गंजंल का कमी? आन् का?"

बाईंनी दिवे लावले आणि सरांपुढे खडू धरला. सरांनी तो घेतला, कारण भरल्या मेळाव्यात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ते फळ्यापुढे उभे राहिले. राखेच्या पाण्यात क्षार विरघळलेले, क्षारांनी गंज वाढतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं लिहून दिलेलं उत्तर होतं. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: जास्त गंजेल. मग वळून वर्गाकडे बघितलं.

"बरोबर?"

"आमी न्हाई सांगनार," कोमल म्हणाली. "बाटल्या खिडकीतच हाईत, सर."

सर खिडकीशी गेले. त्यांनी राखेच्या पाण्याची बाटली उचलली आणि ऑगस्टमध्ये कोमलची नळी धरली होती तशी उजेडात धरली. मागे वळून त्यांनी फळ्यावरचं स्वतःचं अक्षर एकदा वाचलं, मग पुन्हा बाटलीकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जे दिसत होतं तेच सांगितलं.

"गंज नाही."